कुठलं मनिला, सर?

वय झालं की राग निवतो म्हणतात. ज्यानं हे म्हटलं त्याला एकदा आयर्लंडमधल्या ड्रोहेड्यातल्या त्या घरात, निनाददादाच्या समोर पिठलं खायला बसवायला पाहिजे होतं. माझे गुडघे गेले, दाढा गेल्या, नकला करायला लागतो तो आवाजसुद्धा आता अर्धाच उरलाय. राग मात्र अजून तसाच आहे, रश्श्यावरच्या तवंगासारखा. वरनं गार दिसतो. बोट घालून बघा.

घर तसं बरं होतं. रांगेतलं एक, पुढं वीतभर हिरवळ, मागं सिमेंटचं अंगण आणि त्यात कायम ओली असलेली वाळत घालायची दोरी. सकाळी नदीवरनं सीगल पक्षी यायचे आणि कौलांवर बसून असे किंचाळायचे की वाटावं खाली कुणाचं तरी लग्न मोडलंय. घराचा करार निनाददादाच्या नावावर, आम्ही बाकीचे त्याचे पोटभाडेकरू. दादा पुण्याचा, मेडिकल डिव्हाइसच्या प्लँटमधे इंजिनिअर, बोलताना आधी घसा साफ करणार, मग चष्मा वर ढकलणार आणि मग ‘बेसिकली’ म्हणून सुरुवात करणार. त्याची बायको केतकी वहिनी, पोटुशी होती तेव्हा. जिन्याच्या वर पलंग ठेवला की दार अर्धंच उघडेल अशी एक खोली होती, ती माझी. डब्लिनच्या युनिव्हर्सिटीत मास्टर्स करत होतो, म्हणजे लॉकडाऊनमुळं पलंगावर बसून लॅपटॉपकडं बघत होतो. आणि माझ्या भिंतीपलीकडं लोर्ना. हॉस्पिटलात नर्स, चाळिशी ओलांडलेली, बुटकी, चालताना चपलेचा आवाज न येणारी. ती कालोओकानची. तेव्हा मी आपलं म्हणायचो, ‘मनिलाची.’

तिला मी ‘आते’ म्हणायचो. त्यांच्यात थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘तुझ्या बापाला तिकडं बहीण कुठनं आली रे?’ आते व्हिनेगर आणि लसणात कोंबडी शिजवायची, तो वास जिन्यातनं वर यायचा आणि माझं असाइनमेंट तिथंच थांबायचं. कधी ती सुकी मासळी तळायची. दादा नाकाला रुमाल लावून ‘ओह गॉड, बेसिकली हे अत्याचार आहेत’ म्हणत सगळ्या खिडक्या उघडायचा. मी करमाळ्याचा. आमच्या बाजारात सुकटीची पाटी घेऊन बाया बसायच्या, तोच वास. मी भाकरी घेऊन तयार. वहिनीनं प्रेसमधे, म्हणजे तिकडं कपाटाला प्रेस म्हणतात त्यात, लसणाची चटणी लपवून ठेवलेली असायची. ती आते आणि मी दोघं मिळून संपवायचो, आणि वहिनी लटकंच ओरडायची. दर रविवारी आते वहिनीचं बीपी बघायची, सुजलेले पाय मांडीवर घेऊन दाबून द्यायची. वहिनी डोळे मिटून म्हणायची, ‘माहेर हेच गं.’ आतेला त्यातलं काही कळायचं नाही, पण कळायचं.

नकला हा माझा जुना रोग. शाळेत असताना हेडमास्तरांच्या आवाजात अख्खी सातवी घरी सोडून दिली होती. मार खाल्ला तो खऱ्या हेडमास्तरांचा, आणि मारतानाही ते काय काय बोलतात ते मी कान देऊन ऐकत होतो. ड्रोहेड्यात आल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातला ‘युवर मॅन’, म्हणजे तिकडच्या बोलीत ‘तो गडी’, पहिल्या आठवड्यातच गळ्यात उतरला. ‘आह शुअर, यू आर ग्रँड, यू आर ग्रँड,’ आणि बोलताना उरलेले पैसे हातावर न ठेवता काउंटरवर सरकवायचा. मराठी मंडळाच्या गणपतीत मी त्याची नक्कल केली आणि तेव्हापासनं मंडळात मला नाव राहिलं नाही. ‘अरे तो नकलाकार पोरगा.’

मग ते कोरोनाचं वर्ष आलं. एका संध्याकाळी सगळी गल्ली दारात येऊन नर्स-डॉक्टरांसाठी टाळ्या वाजवायला लागली. आमच्या दादानं स्वैपाकघरातनं थाळी आणि उलथनं आणलं. काय बडवली त्यानं थाळी! त्याच वेळी आते ड्यूटीवरनं परत येत होती. हातात टेस्कोची... जाऊ दे, कुठल्याशा दुकानाची पिशवी, चेहऱ्यावर मास्कचे वळ. ती फाटकात थबकली. समोरची म्हातारी ओरडली, ‘फेअर प्ले टु यू, लव्ह!’ सगळी गल्ली तिच्याकडं वळून टाळ्या वाजवायला लागली. आते लाजली, पिशवी तोंडापुढं धरली. आणि सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? उलथन्याचा.

त्याच आठवड्यात मी पिठलं खात होतो, आते ओट्याशी उभी राहून भात खात होती, आणि दादा आत आला. घसा साफ केला. चष्मा वर ढकलला. तिच्याशी तो इंग्लिशमधनं बोलायचा, मी आपल्या भाषेत सांगतो.

‘लोर्ना, बेसिकली, नथिंग पर्सनल. तू ग्रेट काम करतेस, वी आर ऑल सो प्राउड. पण केतकीची कंडिशन बघता तू महिनाअखेरीपर्यंत दुसरीकडं काही बघशील का? आणि तोवर, म्हणजे प्लीज, किचन आमचं सगळ्यांचं झाल्यावर वापर. आणि बसायचं तर मागं अंगणात बस.’

आतेनं चमचा ताटात ठेवला. दादाला ती शांतता झेपली नाही, म्हणून त्यानं ती भरून काढली. ‘आणि तुला काय अवघड आहे? मनिलात तुम्ही एका खोलीत दहा-दहा जण राहता. यू पीपल आर सो ॲडजस्टिंग!’ आणि हसला. कौतुक केल्यासारखं.

‘ओके, सर,’ आते म्हणाली आणि उरलेला भात बाजूला काढून ताट धुवायला लागली.

आता कुणी म्हणेल, बायको गरोदर, माणूस घाबरला. घाबरला असेल. सगळेच घाबरले होते, मीपण दाराची कडी कोपरानं उघडत होतो. घाबरण्याचा मला राग नाही. थाळीचा राग आहे. ‘प्राउड’चा आहे. आणि त्या दहा जणांचा आहे, जे त्यानं कधी बघितले नव्हते, मोजले नव्हते आणि तरी तिच्या तोंडावर फेकले.

खोली तिला मिळेना. फोनवर आधी ‘येस लव्ह’ म्हणणारे लोक कुठं काम करतेस विचारल्यावर ‘सॉरी लव्ह’ म्हणायचे. महिनाअखेर आली आणि गेली. दादा तोंडानं काही म्हणेना, पण फ्रिजवर किचनच्या वेळा चिकटल्या आणि आतेची कपबशी वेगळी झाली. गावाकडं गड्यामाणसाला वेगळी ठेवतात तशी, खिडकीच्या कट्ट्यावर. हा शोध आयर्लंडचा नव्हे हो. हा आपण सामानातनं आणला होता, लोणच्याच्या बरणीबरोबर.

त्याच दिवसांत मंडळानं दर शनिवारी दुपारी झूमवर कार्यक्रम सुरू केला, ‘घरबसल्या जग’. एकेकानं एका राजधानीची ओळख करून द्यायची. दादा सूत्रसंचालक. त्यानं मला मनिला दिलं. ‘तुझ्याकडं तर लाइव्ह मटेरियल आहे रे! लोर्नाचा तो आवाज काढ, “ओके सर, थँक यू सर.” धमाल येईल.’

मी हो म्हणालो. कशासाठी म्हणालो ते तेव्हा मलाच नीट माहीत नव्हतं. मी आतेकडं गेलो. म्हणजे ती अंगणात खुर्चीवर कोट घालून बसलेली, मी स्वैपाकघरात, मधे खिडकी. तिला म्हटलं, ‘आते, मनिला सांग.’

ती म्हणाली, ‘कुठलं?’

मला वाटलं गंमत करतेय. ती म्हणाली, ‘वाट्या काढ.’ मी वहिनीच्या सगळ्या वाट्या टेबलावर मांडल्या आणि ती काचेबाहेरनं बोटानं दाखवत गेली. डावीकडं ओलं फडकं, तो समुद्र, मनिलाचा उपसागर. उजवीकडं खाली परात, ते मोठं सरोवर. दोघांच्या मधे वहिनीची ओढणी नागमोडी, ती पासिग नदी. नदीच्या तोंडाशी एक वाटी ठेवली. ‘हे मनिला. एवढंच. बाकी सगळ्याला जग मनिला म्हणतं आणि आम्हीपण परदेशात आलो की कंटाळून मनिलाच म्हणतो.’ सोळा शहरं, प्रत्येकाचा महापौर वेगळा, आणि एक गाव. केझोन सिटी सगळ्यात मोठी, मधे काही वर्षं राजधानी तीच होती, तिला वहिनीचं कुंडं दिलं. मकाती म्हणजे काचेचे टॉवर, बँका, तिथं आतेची धाकटी बहीण लिफ्टमधे बटणं दाबायची. मरिकीना चपला-बुटांचं. नवोतासला मासळी उतरते. मलाबोनला भरतीचं पाणी घरात येतं, तर लोक ओटेच उंच बांधतात. आणि पतेरोस हे एकटंच गाव राहिलं, शहर झालंच नाही. ‘तिथं अंडं ठेव. बदकाच्या अंड्यांसाठी प्रसिद्ध होतं. आता नदी घाण झाली, बदकं बाहेरनं येतात, पण नाव आहे.’ मी फ्रिजमधलं अंडं ठेवलं. ते घरंगळलं. आते काचेपलीकडं खो खो हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

‘आणि तुझं?’ मी विचारलं.

‘झाकणाची डबी आण.’ हिंगाची डबी आणली. ‘डबी इथं, मनिलाच्या वाटीला चिकटून. आता झाकण काढ आणि पार तिकडं वर ठेव, केझोन सिटीच्याही पलीकडं. मधे दुसऱ्यांची शहरं. हे कालोओकान. एक शहर, दोन तुकडे, एकमेकांना टेकत नाहीत.’ ती लहान असताना डबीत राहायची, रुळांच्या कडेला. मग एक दिवस ट्रक आले, सगळ्यांना सामानासकट भरलं आणि झाकणात नेऊन सोडलं. घर नव्हतं. जमिनीचे चौकोन आखलेले, आणि प्रत्येक चौकोनात फक्त संडासाचं भांडं बसवलेलं. ‘आई त्या भांड्याकडं बघून म्हणाली, चला, बसायची सोय झाली.’ आणि आता लॉकडाऊनमधे गाड्या बंद, जीपनी म्हणजे तिकडची वडापसुद्धा बंद, तर तिचा भाऊ झाकणातनं मकातीला कामावर चालत जात होता. शहर बदललं की नाका, प्रत्येक शहराचा पास वेगळा. मी ओट्यावरनं ते अंतर बघत होतो. झाकणापासनं मकातीच्या वाटीपर्यंत सगळं टेबल.

शनिवारी दुपारी दादा खालच्या हॉलमधनं, मी माझ्या खोलीतनं. वाट्या मी वर आणल्या होत्या, पलंगावर मांडल्या, कॅमेरा त्यांच्यावर. आते रात्रपाळीच्या आधी झोपली असेल असं मी धरून चाललो. मी सरळ सांगायला सुरुवात केली. उपसागर, नदी, सोळा शहरं, डबी, झाकण, ट्रक. पडद्यावरचे चौकोन शांत ऐकत होते. एक काका म्हणाले, ‘वा, छान, मुंबई-ठाणे-कल्याण जसं!’ मला बरं वाटलं. मग कुणीतरी लिहिलं, ‘नक्कल! नक्कल!’ आणि दादा म्हणाला, ‘हो रे, भूगोल पुरे. लोर्ना येऊ दे की!’

मी म्हटलं, ‘आणतो. लाइव्ह मटेरियल.’

घसा साफ केला. चष्मा नव्हता, तरी वर ढकलला. ‘लोर्ना, बेसिकली, नथिंग पर्सनल.’ दादा जसा बोलला होता तसंच, इंग्लिशमधे, शब्द न शब्द. ‘वी आर ऑल सो प्राउड.’ सुरुवातीला एक काकू खळखळून हसली, ‘अगं बाई, हुबेहूब निनाद!’ मी थाळी बडवली, महिनाअखेर सांगितली, किचनच्या वेळा सांगितल्या, कपबशी सांगितली. काकूचं हसणं विझलं. ‘मनिलात तुम्ही एका खोलीत दहा-दहा जण राहता. यू पीपल आर सो ॲडजस्टिंग!’ आणि तसाच हसलो, कौतुक केल्यासारखं. दादाचा चौकोन सगळ्यात वर होता. त्यात तो दोन्ही हातांनी माउस शोधत होता. मग त्यानं मला म्यूट केलं. मी थांबलो नाही. आवाज बंद, मी चालू.

माझ्या दारावर टकटक झाली. खालनं दादा इतक्या लवकर वर येणं शक्यच नव्हतं.

‘सर?’ आतेचा आवाज. ‘सर, मी बॅग भरलीय. मी आजच जाते. प्लीज ओरडू नका.’

मी दार उघडलं, जितकं उघडायचं तितकं. ती कोट घालून उभी, बटणं वरखाली लागलेली, केस झोपेतले, बॅगेच्या चेनमधनं एक बाही बाहेर. ती माझ्या खांद्यावरनं आत दादाला शोधत होती. आत होत्या नुसत्या वाट्या. तिला कळायला जरा वेळ लागला, आणि कळल्यावर तिचा चेहरा जो झाला तो मला अजून कुणाच्याच नकलेत सापडलेला नाही.

‘तू होतास?’

‘आते, मी त्यांना दाखवत होतो, तो कसा...’

‘माझ्या भिंतीला लागून? त्याच्या आवाजात?’ ती ओरडत नव्हती, म्हणून जास्त लागत होतं. ‘हे सगळं मला एकदा ऐकवलं ते पुरलं नाही? तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मला टाळ्या नकोत. मला दार लागणारी खोली पाहिजे!’

तोवर खरा दादा जिन्यात आला होता, मागं धापा टाकत वहिनी. दादा लाल झालेला. आणि देवाशप्पथ सांगतो, एवढ्या रागातही त्यानं आधी घसा साफ केला, चष्मा वर ढकलला आणि म्हणाला, ‘बेसिकली, तू पण महिनाअखेरीला बघ दुसरीकडं.’ मला हसू फुटलं. आतेलाही, नको असताना, नाकातनं. दादा बघतच राहिला.

मग वहिनी बोलली, कठड्याला धरून. ‘केतकीची कंडिशन, केतकीची कंडिशन! मला विचारलं का कुणी? माझे पाय कोण दाबायचं, तू?’ आणि रडत खाली गेली. दादा तिच्यामागं गेला. आते त्या दिवशी गेली नाही, जायला जागाच नव्हती. नंतर आम्ही दोघं निघालो तेव्हा वहिनीनं आतेच्या हातात जुन्या जॅमच्या बरणीत लसणाची चटणी दिली आणि दादा मीटिंगमधे होता. मंडळातनं एकाचाही फोन आला नाही. एकानं मेसेज केला, ‘घरातल्या गोष्टी अशा चव्हाट्यावर आणू नयेत.’ घरातल्या! अरे, तिला अंगणात बसवलं होतं.

डब्लिनमधल्या सँट्रीला राहून एअरपोर्टवर काम करणारी पोरं नोकऱ्या गेल्या म्हणून घरी परतली होती, त्यांचा फ्लॅट आतेच्या कुणा ओळखीच्या बाईनं आम्हाला मिळवून दिला. दोन खोल्या, दोन दारं, दोन्ही लागणारी. विमानं जवळजवळ बंद, त्यामुळं आभाळ असं गप्प की पाण्याचा नळसुद्धा ओरडल्यासारखा वाटायचा. आते ड्रोहेड्याच्या बसनं ड्यूटीला जायची. माझ्याशी ती गरजेपुरतं बोलायची. मीपण तोंड बंद ठेवलं. दुकानातला युवर मॅनसुद्धा माझ्या गळ्यातनं निघून गेला होता.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात एक दिवस ती ड्यूटीला निघालेली. एका हातात डबा, दुसऱ्या हातानं बूट चढवत. नुकताच भावाचा फोन येऊन गेला होता, काय झालं होतं ते तिनं सांगितलं नाही. एकदम म्हणाली, ‘त्याला कर.’

‘कुणाला?’

‘युवर मॅन. सरना. कर.’

मी नको म्हणालो. ती म्हणाली, ‘तेव्हा मला न विचारता केलास ना? आता मी सांगतेय.’

मी खुर्चीतनं उठलो. घसा साफ केला, चष्मा वर ढकलला. ‘लोर्ना, बेसिकली, नथिंग पर्सनल.’ ती बूट हातात घेऊन ऐकत होती, ओट्याला टेकून, त्या दिवशीसारखी. मी सगळं केलं. प्राउड, कंडिशन, महिनाअखेर, अंगण. आवाज जरा थरथरला तर ती म्हणाली, ‘नीट कर.’ मी नीट केला. ‘आणि तुला काय अवघड आहे? मनिलात तुम्ही एका खोलीत दहा-दहा जण राहता.’

‘कुठलं मनिला, सर?’

ती सरळ उभी राहिली. माझ्या डोळ्यांत बघत होती, पण माझ्याकडं बघत नव्हती.

‘सोळा शहरं आहेत आणि एक गाव. त्यातली कुठली खोली? माझी खोली कालोओकानला, झाकणात. आणि दहा नव्हतो, सर. चुकलात. अकरा होतो. अकरावा आईचा चुलतभाऊ, त्याला टीबी होता, शेजारचे म्हणाले बाहेर काढ. आईनं आमची अंथरुणं सरकवली आणि खिडकीजवळची जागा त्याला दिली. आतल्या बाजूला, सर. खिडकीच्या आतल्या बाजूला.’

मी दादाच्या चेहऱ्यात तसाच उभा होतो. आता दादा काय म्हणेल ते मला माहीत असायला पाहिजे होतं. त्याचा एकेक श्वास मला पाठ होता. मी घसा साफ केला. चष्मा वर ढकलला. पुढं काहीच येईना.

आतेनं दुसरा बूट चढवला, नाडी बांधली आणि बस पकडायला खाली उतरली.